पॅरलल पोर्ट : हो / नाही

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागतं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, सीडी ड्राइव्हच्या खाली, कुंकवाचं स्वस्तिक. यंदाच्या खाली गेल्या वर्षीचं, त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचं. २००६ पासूनचे थर आहेत. २०२५ च्या दिवाळीत पूजा झाली, पप्पांनी सवयीने बटण दाबलं आणि मशीन चालू झालं नाही. चौथ्या प्रयत्नाला, बाजूने एक थाप मारल्यावर झालं. पप्पा म्हणाले, "थंडी पडायला लागली ना, म्हणून." मी मनातल्या मनात ठरवलं, आता बास. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि लग्नसराईत हे मशीन बसलं तर आमचं दुकानच बसेल.

नाशिक आणि छपाई म्हटलं की लोकांना नोटा आठवतात. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आहे, करन्सी नोट प्रेस १९२८ पासून. आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमचं दुकान रविवार कारंजाच्या मागच्या एका बोळात, दहा बाय बाराचं. पाटीवर 'डीटीपी, लग्नपत्रिका, बिलबुक, थिसिस' असं लिहिलंय. पप्पा १९८४ साली एका ट्रेडलवाल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले. नव्वदीत तिथे कॉम्प्युटर आला, तेव्हा जुळाऱ्यांमधला सगळ्यांत तरुण म्हणून मालकाने त्यांना त्यावर बसवलं. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. मी इंजिनिअर झाले, पुण्यात हिंजवडीला नोकरी करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते. पप्पाही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतात. एकमेकांच्या कामातलं आम्हाला किती कमी कळतं, हे मला या खरेदीत समजलं.

जुनं मशीन असेंबल्ड. एमजी रोडवरच्या एका काकांनी बनवून दिलेलं. तेव्हा मी दुसरीत होते, आणि मला त्यातलं एवढंच आठवतं की काका दुकानात येऊन बराच वेळ नुसते बसले होते. पप्पा एक पत्रिका लावत होते, काका स्टुलावर बसून बघत होते. मग उठून त्यांनी आधीच्या मशीनची मागची बाजू बघितली, कुठली वायर कुठे जाते ते पाहिलं, आणि एका फुकट गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर पाच-सहा ओळींचं कोटेशन लिहून दिलं. इंटेलचा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क. हे मशीन एकोणीस वर्षं चाललं. हार्ड डिस्क एकदा काकांनीच बदलली, आतलं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून.

मग मी या वेळी काकांकडे का गेले नाही? खरं सांगायचं तर कमीपणा वाटला. काका आता मुख्यतः सीसीटीव्ही बसवतात आणि टोनर भरून देतात. मला पक्कं बिल हवं होतं, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी हवी होती, आणि कंपनीच्या खोक्यावर पप्पांचं नाव छापून यायला हवं होतं. 'माझ्या मुलीने पाठवला' असं पप्पांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगताना मी आधीच ऐकू लागले होते.

थेट कंपनीकडून हवं तसं मशीन बनवून घेणं ही काही नवी गोष्ट नाही. मायकेल डेलने १९८४ मध्ये ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीत, हजार डॉलरच्या भांडवलावर, 'पीसीज लिमिटेड' नावाने हाच धंदा सुरू केला. (पप्पा जुळारी झाले तेही १९८४ मध्येच. याला काही अर्थ नाही, पण लक्षात राहतं.) १९९६ पासून डेलची विक्री इंटरनेटवरही सुरू झाली. त्यातली गोम अशी, की गिऱ्हाईक आधी पैसे भरतं आणि मशीन नंतर बनतं. दुकानात जुनं होत पडलेला माल नाही, मधला व्यापारी नाही. मी हे पप्पांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग मी काय करतो? आधी ॲडव्हान्स, मग मजकूर."

खरंच आहे. लग्नपत्रिका म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने बनवलेली वस्तू. अल्बममधून कार्ड निवडायचं, वर गणपती की कुलदैवत ते ठरवायचं, आणि मग मजकूर. गिऱ्हाईक एका चिठोऱ्यावर नावं लिहून आणतं आणि म्हणतं, घ्या, करून टाका. पप्पा कधीच तसं करून टाकत नाहीत. ते विचारतात. आजोबा आहेत का, की 'कै.' लावायचं? निमंत्रकांत मोठे काका आधी की आत्याचे यजमान? आहेर घेणार आहात का? पोरांच्या नावाने शेवटी ते 'लग्नाला यायचं हं' टाकायचं का, आणि टाकलं तर कुठल्या पोराचं नाव राहिलंय? एकदा एका वधूपित्याने यादी दिली आणि पप्पा म्हणाले, "यात तुमच्या भावाचं नाव नाही." तो माणूस दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "घाला." यादीत काय आहे ते कुणीही टाइप करील. काय नाही ते दिसायला समोर बसावं लागतं.

मी पुण्यात, रात्री साडेअकराला, कंपनीच्या संकेतस्थळावर बसले. (कोणती कंपनी ते सांगत नाही, दोष तिचा नव्हता.) पहिलाच प्रश्न होता: मुख्य उपयोग काय? घर, गेमिंग, ऑफिस, कंटेंट क्रिएशन. मी 'ऑफिस' वर टिचकी मारली आणि पुढे गेले. या एका टिचकीचा मी नंतर बराच विचार केला आहे. पण त्या रात्री मला मजा येत होती. प्रोसेसर बदलला की उजव्या कोपऱ्यातला आकडा बदलतो. रॅम ८ ची १६ केली, आकडा बदलला. कंपनीचं नाव विचारलं, दुकानाचं टाकलं. कर्मचारी किती? सगळ्यांत लहान पर्याय '१ ते ९' होता. पिनकोड ४२२००१.

आणि मग खाली, 'इतर पोर्ट' या सदरात, सिरियल आणि पॅरलल पोर्टचं कार्ड. हो / नाही. ते पाहून मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, कारण ते कशाला लागतं हे मला माहीत होतं.

डीटीपीवाल्यांना 'लॉक' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. युनिकोड येण्याआधी मराठी टाइप करायचं तर श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशी पॅकेजं घ्यावी लागत. चोरून कॉपी करू नये म्हणून अशा पॅकेजांबरोबर काडेपेटीएवढं एक प्लॅस्टिकचं खोकं यायचं, त्याला लॉक किंवा डोंगल म्हणतात. ते कॉम्प्युटरच्या मागच्या पंचवीस भोकांच्या प्रिंटर पोर्टला, म्हणजे पॅरलल पोर्टला लावायचं आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर खोचायची. लॉक असेल तरच टायपिंग चालू होतं. पप्पांच्या लॉकचा निळा रंग उडालाय, पण ते त्याला दागिन्यासारखं जपतात. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता: "त्यात लॉक चालेल ना?"

"चालेल पप्पा. पोर्ट घेतलाय मी वेगळा."

ते दिवस रॅमच्या भावाचे होते. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीच्या चिप वळायला लागल्या आणि तुमच्या-आमच्या मशीनसाठीच्या रॅमचे भाव चढत गेले. ३ डिसेंबरला तर मायक्रॉनने 'क्रूशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी शुक्रवारी कार्टमध्ये ठेवलेलं मशीन मंगळवारी चार हजारांनी महाग झालं होतं. घाबरून त्याच रात्री पैसे भरले. बारा दिवसांत येणार होतं. तारीख दोनदा पुढे गेली. 'उत्पादन सुरू आहे' हे शब्द मी रोज सकाळी दात घासताना वाचायचे. तोवर लग्नसराई सुरू झाली होती आणि पप्पा जुन्या मशीनला थापा मारत होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोकं आलं. मी शनिवारी पहाटेच्या गाडीने नाशिकला आले. दुकान उघडताना शेजारचे झेरॉक्सवाले आले, समोरचा रबरी शिक्क्यांचा मुलगा आला. आईने घरून हळदकुंकवाची कुयरी पाठवली होती. पप्पांनी स्वस्तिक काढलं, पण काळ्या चकचकीत प्लॅस्टिकवर कुंकू धरेना. मशीन पाच-सहा सेकंदांत चालू झालं. सगळ्यांनी वा म्हटलं. मग पप्पांनी जुन्या मशीनमागून लॉक काढून माझ्या हातात दिलं.

चाललं नाही. मी शनिवार आणि रविवार त्यात घालवला, आणि जे मला पहिल्या रात्रीच पाच मिनिटांत कळायला हवं होतं ते कळायला दोन दिवस लागले. विंडोज ११ फक्त ६४ बिटी मिळतं. लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटी आहे, आणि ६४ बिटी विंडोजमध्ये ३२ बिटी ड्रायव्हर चालत नाही. दुसरं असं, की हे जुनं सॉफ्टवेअर लॉक शोधायला ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतं. जुन्या बोर्डांवर पॅरलल पोर्टचा पत्ता बहुधा तोच असायचा. माझा पोर्ट बोर्डावर नव्हताच, खाचेत बसवलेल्या कार्डावर होता, आणि त्याचा पत्ता वेगळा. भोकं पंचवीसच्या पंचवीस बरोबर होती. दार बरोबर होतं, घर चुकलं होतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ६४ बिटी आणि ड्रायव्हरचं प्रकरण मी इंटरव्ह्यूमध्ये पोरांना विचारू शकते. मी फक्त पप्पांच्या मशीनला तो प्रश्न विचारला नव्हता. 'ऑफिस' असं उत्तर त्यांच्या वतीने देऊन मोकळी झाले होते.

रविवारी संध्याकाळी पप्पा म्हणाले, "राहू दे ना. मेल बघायला होईल. व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवायला होईल." एवढं समजुतीने म्हणाले की मला रडूच येईल असं वाटलं. त्यापेक्षा चिडले असते तर बरं.

सोमवारी सुट्टी टाकून एमजी रोडवर गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न मशीनबद्दल नव्हता. "फाइली किती आहेत?" मी म्हटलं, नऊ हजारांवर. "कशात?" पेजमेकर. "मग मशीन ही अडचणच नाहीये तुझी." ते म्हणाले, जुनं मशीन नीट करून देतो, त्याचा पॉवर सप्लाय गेलाय, थंडीबिंडी काही नाही. ते अजून दोन-तीन वर्षं चालेल, तोवर फाइली बाहेर काढ. पॉवर सप्लायचे साडेआठशे रुपये घेतले. माझ्या मशीनला त्याच्या सत्तरपटीहून जास्त पडले होते.

पेजमेकरबद्दल थोडं सांगायला हवं. पेजमेकर १९८५ चं. डीटीपी हा शब्दच त्याच्याबरोबर रुजला. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि पुढे अ‍ॅडोबीने ते वाढवणं थांबवलं. त्याला युनिकोड कळत नाही. आणि जुन्या मराठी फॉन्टांनाही नाही: त्यांच्यात मराठी अक्षर हे मुळात इंग्रजी अक्षराच्या किंवा एखाद्या चिन्हाच्या जागी बसवलेलं चित्र असतं. फॉन्ट असेल तर ते 'श्री गणेशाय नमः' दिसतं. फॉन्ट नसेल तर उरतो तो नुसत्या रोमन अक्षरांचा आणि टिंबाटोकांचा गाळ. पॅकेजाची युनिकोडवाली नवी आवृत्ती घेता येते, पुढे आम्ही घेतलीही. पण नव्याने टाइप करायची सोय झाली म्हणजे जुनं वाचता आलं असं होत नाही. पप्पांची गिऱ्हाइकं परत येतात. थोरलीची पत्रिका केली, आता धाकटीची. 'तीच काढा आणि नावं बदला'. ते 'तीच' त्या नऊ हजारांत आहे.

इंटरनेटवर तयार कन्व्हर्टर आहेत. तीन वापरून पाहिले. पप्पांनी पहिल्याच पानावर पेन टेकवलं: "हे काय, डोंगरदर्या?" डोंगरदऱ्या हवं होतं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे खोरी. र वरती रफार होऊन जातो की अर्धा होऊन आडवा पडतो यावर मराठीत अर्थ ठरतो, आणि ते कन्व्हर्टर बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसावं. मग मीच लिहायला घेतला.

जानेवारीपासून दर शनिवार-रविवार. मला वाटलं होतं पप्पांना विचारून एक तक्ता भरायचा: कुठल्या कोडला कुठलं अक्षर. मी विचारलं, "अर्धा ष कुठे आहे?" त्यांना सांगता येईना. चाळीस-एक वर्षं अक्षरं जुळवतायत, पण सांगता येईना. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला, डोळे खिडकीकडे ठेवले आणि बोटाने दाबून दाखवला. मग आमची पद्धत ठरली: मी शब्द म्हणायचा, त्यांनी दाबायचा, कुठल्या कळा पडल्या ते मी बघायचं. राष्ट्र. ज्ञानेश्वर. श्रीमती. उद्घाटन. ऱ्हस्व लिहायचं की ह्रस्व यावर आमचं अर्धा तास भांडण झालं. पहिली वेलांटी त्यांच्या फाइलींमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली, कारण टाइपरायटरवर ती आधी मारतात. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. 'शक्ति' सारख्या ठिकाणी तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून पुढे न्यावं लागतं. "म्हणजे तुमचं मशीन बोलतं तसं लिहितं, आमचं दिसतं तसं," पप्पा म्हणाले. कामावर पंधरा मिनिटांचं सादरीकरण करून मी जे सांगितलं असतं, ते हेच.

विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींचा, हे सांगितल्यावर त्यांना आदर वाटला, पण त्यातला श आणि ल त्यांनी नाकारला. देठाचा श आणि पाकळीचा ल हवा. २००९ मध्ये सरकारने त्याचा शासन निर्णयसुद्धा काढलाय, हे त्यांनीच मला सांगितलं. मला तोवर हे दोन वेगळे असतात हेच कधी दिसलं नव्हतं.

फाइली बाहेर काढताना मी त्या तारखेने लावत होते. काही फाइलींवर १ जानेवारी २००२ अशी तारीख आहे. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी मेली की घड्याळ मागे जातं. बाकीच्या तारखा खऱ्या. त्यात थिसिस नावाचं एक फोल्डर, २०१६ च्या जून ते ऑगस्टचं. फाइल सेव्ह केल्याच्या वेळा: रात्री १:५०. २:३५. ३:१०. २:२०. दुकान नऊला बंद होतं.

२०१६ च्या जुलैत माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली. लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानदार आय-थ्री दाखवत होता आणि मी हटून बसले होते की घेईन तर आय-फाइव्हच. नऊ हजारांचा फरक होता. पप्पा म्हणाले होते, घे, काम आहे सध्या एक. थिसिसचा दर तेव्हा पानाला पंधरा रुपये होता, हे मला माहीत आहे, कारण पाटीवर होता. सहाशे पानं. मी त्यांना याबद्दल काही विचारलं नाही. ते फोल्डर मात्र सगळ्यांत आधी कन्व्हर्टरमधून काढलं.

आता टेबलावर दोन मशीनं आहेत. जुन्यावर पत्रिका लागते, नव्यावर हळूहळू नवं काम. त्या पोर्टचंही काम निघालं. पप्पांचा ट्रेसिंग काढायचा जुना लेझर प्रिंटर पॅरलल वायरीचाच. तो नव्या मशीनच्या कार्डाला लावून पाहिला तर चालू झाला. छपाई विंडोजच्या मार्फतच जाते, तिला पत्त्याची फिकीर नसते. म्हणजे घेतला ते वाया गेलं नाही, फक्त ज्यासाठी घेतला त्याला लागला नाही.

गेल्या रविवारी पप्पांनी नव्या मशीनवर ते थिसिसचं फोल्डर उघडं पाहिलं.

"हा कशाला काढलास? त्या बाई कधीच रिटायर झाल्या असतील."

"टेस्टिंगला घेतला. लांब मजकूर हवा होता."

चष्मा कपाळावर सरकवून ते वाचायला लागले. एक पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर थांबले. 'शिक्षणाचे' च्या जागी 'शिक्षाणचे' होतं.

"हे तुझ्या प्रोग्रामने केलं का?"

मी जुन्या मशीनवर मूळ फाइल उघडून पाहिली. तिथेही तेच होतं.

"नाही, तुमची आहे."

"रात्रीची असणार," ते म्हणाले, आणि काना उचलून पुढे ठेवला, कंट्रोल एस दाबलं.